बरोबरी, ओव्हरटाइम आणि हरणाऱ्याचा एक गुण : एनएचएलच्या गुणतक्त्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, नव्याने बघायला लागलेल्या माणसाला खेळ पटकन कळतो. अडतं ते गुणतक्त्यापाशी. जिंकणाऱ्याला दोन गुण, हरणाऱ्याला कधी शून्य तर कधी एक, आणि जय-पराजयाचे रकाने दोन नव्हे, तीन. टोरंटोत किंवा न्यू जर्सीत राहणारे असोत, नाहीतर पहाटे उठून पुण्या-मुंबईत सामना लावणारे, अडचण सगळ्यांची हीच असते. म्हणून ही सविस्तर उत्तरं. इथे हॉकी म्हणजे सगळीकडे बर्फावरचीच हॉकी.

एनएचएलमध्ये सामना बरोबरीत सुटतो का?

नाही. २००५-०६ च्या हंगामापासून प्रत्येक सामन्याचा निकाल लागतोच. वीस-वीस मिनिटांची तीन सत्रं, म्हणजे साठ मिनिटं खेळून फैसला झाला नाही तर पाच मिनिटांचा ओव्हरटाइम, आणि त्यातही गोल झाला नाही तर शूटआउट, म्हणजे एकेका खेळाडूने एकट्याने गोलरक्षकासमोर मारायचे फटके. बरोबरीचे शेवटचे सामने झाले २००३-०४ मध्ये. पुढचं अख्खं वर्ष मालक आणि खेळाडू यांच्यातल्या आर्थिक वादामुळे टाळेबंदीत गेलं. लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा बरोबरी इतिहासजमा झाली होती.

गुण नेमके कसे मिळतात?

जिंकलात तर दोन गुण, मग तो विजय साठ मिनिटांतला असो, ओव्हरटाइममधला असो की शूटआउटमधला. साठ मिनिटांत हरलात तर शून्य. ओव्हरटाइममध्ये किंवा शूटआउटमध्ये हरलात तर एक.

म्हणून एखाद्या संघाची कामगिरी ४१-२७-१४ अशी लिहिलेली दिसते. ४१ विजय, २७ साठ मिनिटांतले पराभव, १४ त्यानंतरचे पराभव. गुण झाले ८२ अधिक १४, म्हणजे ९६. मधला आकडा पाहून "फक्त २७ सामने हरले" असं समजू नका. हरले ४१. नव्या प्रेक्षकाची सर्वांत जास्त फसगत होते ती इथेच.

साठ मिनिटं संपली, बरोबरी आहे. पुढे काय?

छोटी विश्रांती होते आणि पाच मिनिटांचा ओव्हरटाइम सुरू होतो. एरवी गोलरक्षकाशिवाय पाच खेळाडू असतात, इथे प्रत्येक बाजूला तीनच. पहिला गोल झाला की सामना तिथेच संपतो.

आणखी एक गोष्ट लक्ष देऊन बघण्यासारखी आहे. ओव्हरटाइममध्ये संघ बाजू बदलतात आणि त्यामुळे स्वतःचा गोल बदली खेळाडूंच्या बाकापासून लांब पडतो. एनएचएलमध्ये खेळाडू चालू खेळातच बदलतात. दमलेला खेळाडू बचावात अडकला तर त्याला बाकापर्यंत पोचायला लांबचं अंतर कापावं लागतं, आणि तो पोचेपर्यंत तीनातला एक माणूस खेळाबाहेर गेल्यासारखाच असतो. ओव्हरटाइममधले कितीतरी गोल कौशल्यापेक्षा या चुकलेल्या बदलीमुळे होतात. पुढच्या वेळी पकवर, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीवर, नजर न ठेवता बाकाकडे कोण निघालंय ते बघा, गोल येताना आधीच दिसेल.

तीनास तीन का? पाचास पाच का खेळत नाहीत?

बर्फ मोकळा व्हावा म्हणून. एनएचएलची रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. तेवढ्या जागेत दहा खेळाडू असले तर बचाव करणं सोपं जातं. सहाच असले की जागाच जागा.

इथवर लीग टप्प्याटप्प्याने आली. १९८३-८४ मध्ये ओव्हरटाइम आला तेव्हा तो पाचास पाच होता, १९९९-२००० पासून चारास चार, आणि २०१५-१६ पासून तीनास तीन. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकन हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलच्या खालच्या पायरीवर, याची चाचणी झाली होती. हेतू स्पष्ट होता : शूटआउटपर्यंत जाणाऱ्या सामन्यांची संख्या कमी करायची. तो साधलाही. चारास चारच्या शेवटच्या हंगामात ओव्हरटाइमला गेलेल्या सामन्यांपैकी निम्म्याहून कमी सामन्यांचा निकाल तिथे लागला होता. तीनास तीनच्या पहिल्याच हंगामात हे प्रमाण साठ टक्क्यांच्या घरात गेलं.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं हा प्रकार बेभान होता. एका टोकाला संधी हुकली की लगेच दुसऱ्या टोकाला दोघे एकावर धावून जायचे. आता प्रशिक्षकांनी त्यावर तोड काढली आहे. पक ताब्यात ठेवायचा, मनासारखी जागा मिळाली नाही तर सरळ मागे वळून स्वतःच्या क्षेत्रात यायचं, माणसं बदलायची आणि पुन्हा चढाई करायची. बघायला हे कंटाळवाणं होतं हे मान्य. तरी मला हा ओव्हरटाइम आवडतो, कारण निकाल खेळातून लागतो.

ओव्हरटाइममध्ये पेनल्टी झाली तर दोनच खेळाडू उरतात का?

नाही. कुठल्याही संघाचे खेळाडू तीनाच्या खाली जात नाहीत. ज्याने चूक केली त्याचे तीन राहतात आणि समोरच्याला एक वाढवून मिळतो, म्हणजे चारास तीन. आणखी एक पेनल्टी झाली तर पाचास तीन. शिक्षा संपून खेळाडू परत आला की खेळ थांबेपर्यंत चारास चार चालतं आणि शिट्टी वाजली की पुन्हा तीनास तीन.

गोलरक्षकाला बाहेर काढून जादा खेळाडू उतरवता येतो का?

येतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. साठ मिनिटं संपली तेव्हाच प्रत्येक संघाच्या खात्यात एक गुण जमा झालेला असतो. ओव्हरटाइममध्ये स्वतःहून गोलरक्षक काढला आणि रिकाम्या जाळ्यात गोल खाल्ला, तर तो जमा गुणही जातो. समोरच्याची पेनल्टी पुकारायची बाकी असताना काढला असेल तर मात्र हा दंड लागत नाही.

म्हणूनच हा डाव कुणी सहसा खेळत नाही. २०२४ च्या मार्च महिन्याच्या शेवटी मिनेसोटा वाइल्डने तो खेळला. प्लेऑफच्या शर्यतीत ते मागे पडले होते, एका गुणाने काही भागणार नव्हतं, दोनच हवे होते. व्हेगास गोल्डन नाइट्सने रिकाम्या जाळ्यात गोल मारून सामना २-१ असा जिंकला आणि मिनेसोटाच्या हाती शून्य आलं. अनेकांनी त्या प्रशिक्षकांना वेड्यात काढलं. मला त्यांचा निर्णय पटला. त्या दिवशी त्यांनी गुणतक्ता नीट वाचला होता.

शूटआउट कसं चालतं?

एक खेळाडू मध्यरेषेवरून पक घेऊन एकटा निघतो आणि समोर फक्त गोलरक्षक. पक सतत पुढे सरकत राहिला पाहिजे. फटका अडवला गेला की संधी संपली, परत आलेल्या पकवर दुसरा फटका मारता येत नाही. आधी कोणी मारायचं ते यजमान संघ ठरवतो. तीन-तीन प्रयत्नांनंतरही बरोबरी असली तर एकेक करून पुढे चालू, एकाने मारला आणि दुसऱ्याचा हुकला की खेळ खलास.

एनएचएलचा एक नियम आंतरराष्ट्रीय हॉकीपेक्षा वेगळा आहे. इथे संघातल्या प्रत्येक पात्र खेळाडूची पाळी झाल्याशिवाय कुणालाही दुसऱ्यांदा मारता येत नाही. आंतरराष्ट्रीय सामन्यांत ठरलेले प्रयत्न संपले की तोच खेळाडू पुन्हा पुन्हा येऊ शकतो. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या टी. जे. ओशीने रशियाविरुद्ध सहा प्रयत्न केले आणि चार गोल मारले. एनएचएलमध्ये हे शक्य नाही.

या नियमाचा फायदा असा की लांबलेल्या शूटआउटमध्ये भलतीच माणसं पुढे येतात. २६ नोव्हेंबर २००५ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेंजर्स आणि वॉशिंग्टन कॅपिटल्स यांचं शूटआउट पंधराव्या फेरीपर्यंत गेलं. रेंजर्सकडून मारेक मलिक आला. उंचपुरा बचावपटू, गोल मारण्यासाठी तो कधीच ओळखला जात नव्हता. त्याने काठी स्वतःच्या दोन्ही पायांमधून मागून घातली आणि पक वरच्या कोपऱ्यात भिरकावला. शूटआउटवर माझा राग आहे, तो पुढे येईलच, पण हा गोल शोधून बघा.

पहिलं शूटआउट कधी झालं आणि सर्वांत लांबलेलं कोणतं?

पहिलं ५ ऑक्टोबर २००५ ला टोरंटोत. ओटावा सेनेटर्सने टोरंटो मेपल लीफ्सवर ३-२ अशी मात केली. शूटआउटमधला लीगमधला पहिला गोल डॅनियल आल्फ्रेडसनचा, निर्णायक गोल डॅनी हीटलीचा.

सर्वांत लांबलेलं १६ डिसेंबर २०१४ चं, फ्लोरिडा पँथर्स विरुद्ध वॉशिंग्टन. वीस फेऱ्या. एका संघात गोलरक्षक सोडून अठराच खेळाडू असतात, तेव्हा ती यादी संपून दुसरी पाळी सुरू झाली होती. निक ब्युगस्टॅडने शेवटी सामना मिटवला.

शूटआउटमधले गोल खेळाडूच्या नावावर लागतात का?

नाही. गोलरक्षकाच्या सरासरीतही ते धरत नाहीत. जिंकणाऱ्या संघाच्या धावफलकावर फक्त एक गोल वाढतो. २-२ असलेला सामना शूटआउटमध्ये कितीही गोल झाले तरी ३-२ असाच नोंदला जातो.

पूर्वी बरोबरी चालत होती ना? मग काय बिनसलं?

हे जरा मागे जाऊन सांगावं लागेल, कारण आजच्या गुणपद्धतीची सगळी गुंतागुंत या इतिहासातच आहे.

सुरुवातीच्या दशकांत साखळी सामन्यांत जादा वेळ असायचा. २१ नोव्हेंबर १९४२ ला तो बंद झाला, कारण महायुद्ध. संघ रेल्वेने प्रवास करत, युद्धकाळात गाड्यांवर निर्बंध आले, आणि सामना लांबला म्हणून गाडी चुकणं परवडणारं नव्हतं. युद्ध संपलं, विमानं आली, तरी ओव्हरटाइम काही परतला नाही. चाळीस वर्षं बरोबरी म्हणजे बरोबरी, दोघांना एकेक गुण. १९६९-७० मध्ये फिलाडेल्फिया फ्लायर्सने ७६ पैकी तब्बल २४ सामने बरोबरीत सोडवले.

१९८३-८४ मध्ये पाच मिनिटांचा ओव्हरटाइम आला. गोल झाला तर जिंकणाऱ्याला दोन आणि हरणाऱ्याला शून्य, नाहीतर एकेक गुण. आता प्रशिक्षकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. साठ मिनिटं झाली, खिशात एक गुण आहे. धोका पत्करून चढाई केली आणि गोल खाल्ला तर तोही जाणार. मग कोण चढाई करेल? पाच मिनिटं दोन्ही संघ मागे उभे राहून घड्याळ संपवायचे.

यावर १९९९-२००० मध्ये उपाय निघाला : ओव्हरटाइममध्ये हरलात तरी एक गुण तुमचाच. गुण जाण्याची भीती गेली, खेळाडू चारच राहिले, आणि ओव्हरटाइम खरोखर रंगायला लागला. त्या पाच वर्षांत गुणतक्त्यात चार रकाने असत : विजय, पराभव, बरोबरी, ओव्हरटाइम पराभव. २००५ मध्ये शूटआउट आलं, बरोबरीचा रकाना गेला. पण हरणाऱ्याचा गुण राहिला. ज्या दुखण्यासाठी ते औषध दिलं होतं ते बरोबरीबरोबर संपलं, औषध मात्र आजही चालू आहे.

हरणाऱ्याला गुण मिळाला तर बिघडतं काय? कबड्डीतही मिळायचाच की.

प्रो कबड्डीत अनेक हंगाम सात किंवा त्याहून कमी फरकाने हरणाऱ्याला एक गुण मिळत असे, हे खरं. पण तिथे जिंकणाऱ्याला पाच होते, म्हणून तो एक गुण लहान होता. इथे विजयाचेच गुण दोन आहेत. दोनाच्या शेजारी एक हा फार मोठा गुण आहे.

खरी गोम अशी आहे. साठ मिनिटांत संपलेल्या सामन्यात दोन गुण वाटले जातात, दोन आणि शून्य. ओव्हरटाइमला गेलेल्या सामन्यात तीन, दोन आणि एक. हा तिसरा गुण हवेतून येतो. दोन तुल्यबळ संघ खेळत असतील तर साठ मिनिटांत निकाल लावून त्यांना सरासरी एकेक गुण पडतो, आणि ओव्हरटाइमपर्यंत थांबले तर दीड-दीड. थांबण्यात दोघांचाही फायदा. समोरचा संघ दुसऱ्या कॉन्फरन्समधला, म्हणजे लीगच्या दोन गटांपैकी दुसऱ्या गटातला, असला तर प्लेऑफच्या शर्यतीत तो आपला प्रतिस्पर्धीच नसतो, त्याला एक गुण मिळाला काय नि न मिळाला काय. मग तर थांबण्यात नुकसान काहीच नाही.

म्हणजे १९९९ च्या आधी ओव्हरटाइममध्ये जी कुचराई होती, ती नाहीशी झाली नाही. ती तिसऱ्या सत्राच्या शेवटी सरकली. तिथे पाचास पाच खेळतात, तिकिटं त्याच खेळासाठी काढलेली असतात आणि सामना सर्वांत चुरशीचा व्हायला हवा तोही तिथेच.

ही कुचराई सामन्यात दिसते का?

दिसते. तिसऱ्या सत्राची पाच-सहा मिनिटं उरली आहेत आणि २-२ आहे असं समजा. बचावपटू समोरच्याच्या निळ्या रेषेपाशी, म्हणजे त्याचं क्षेत्र सुरू होतं तिथे, पक टिकवण्याचा प्रयत्न सोडतात आणि हुकायच्या आत मागे पळतात. आघाडीचा खेळाडू मधली लाल रेषा ओलांडली की पक नेण्याऐवजी पलीकडच्या कोपऱ्यात ढकलून देतो आणि सगळी फळी बदलीसाठी बाकाकडे वळते. पक मागे जाऊन उचलायला फक्त एक खेळाडू, बाकीचे चार मध्यपट्ट्यात भिंत करून उभे. दोन्हीकडे हेच. सामना हंगामाच्या उत्तरार्धातला असेल तर जास्तच.

एखादं उदाहरण देऊन सांगाल का?

दहा सामन्यांचं घेऊ. पहिला संघ पाच सामने साठ मिनिटांत जिंकला, पाच साठ मिनिटांत हरला. गुण १०. दुसरा संघ चार सामने ओव्हरटाइममध्ये जिंकला, तीन ओव्हरटाइममध्ये हरला आणि तीन साठ मिनिटांत हरला. गुण ८ अधिक ३, म्हणजे ११. ज्याने दहापैकी एकही सामना साठ मिनिटांत जिंकला नाही आणि एकूण विजयही कमी, तो वरच्या स्थानावर. मला हे मनापासून खटकतं.

निम्म्यापेक्षा जास्त गुण म्हणजे संघ चांगला, असं समजायचं का?

नाही. ३८-३२-१२ असा संघ घ्या. ८८ गुण, १६४ पैकी निम्म्याहून जास्त. पण तो ८२ पैकी ४४ सामने हरला आहे. साधारण चार-पाच सामन्यांमागे एक ओव्हरटाइमला जातो आणि तिथे प्रत्येक वेळी जादा गुण वाटला जातो, त्यामुळे निम्मे गुण मिळवणारा संघ प्रत्यक्षात तक्त्याच्या तळाकडे असतो.

गुण समान झाले तर वर कोण?

आधी कोणी कमी सामने खेळून तेवढे गुण मिळवले ते बघतात. हंगाम संपल्यावर सगळ्यांचे सामने सारखेच होतात, तेव्हा क्रम असा लागतो : साठ मिनिटांतले विजय, मग शूटआउट वगळून बाकीचे विजय, मग एकूण विजय, मग आपापसातल्या सामन्यांतले गुण, मग गोलफरक, मग केलेले गोल. साठ मिनिटांतल्या विजयाला पहिला मान २०१९-२० पासून मिळाला. त्याआधी २०१०-११ पासून शूटआउट वगळून मोजत. लीगलाही शूटआउटचा विजय कमी तोलाचा वाटतो, हे यातून उघड होतं. तक्त्यात मात्र त्याचे गुण पूर्ण दोन.

२०२४-२५ च्या हंगामात हे थेट बघायला मिळालं. कॅलगरी फ्लेम्स ४१-२७-१४, सेंट लुइस ब्लूज ४४-३०-८, दोघांचे ९६ गुण. साठ मिनिटांतले विजय ब्लूजचे जास्त, म्हणून ते प्लेऑफमध्ये गेले आणि कॅलगरी घरी. कॅलगरीच्या चाहत्यांचं दुःख मी समजू शकतो, पण माझ्या मते न्याय झाला. २०१४-१५ मध्ये बॉस्टन ब्रुइन्स आणि २०१७-१८ मध्ये फ्लोरिडाही ९६ गुण घेऊन बाहेर राहिले होते.

अशा बरोबरीच्या सर्वांत विलक्षण घटना कोणत्या?

दोन्ही १९७० सालच्या, एकाच हंगामातल्या.

फ्लायर्सच्या त्या २४ बरोबरींचा वर उल्लेख आला. त्यांचे झाले ५८ गुण आणि ओकलंड सील्सचेही ५८. ओकलंडने २२ सामने जिंकले होते, फ्लायर्सने १७. जास्त विजय म्हणून ओकलंड पुढे. सामने हरायचे नाहीत एवढंच जमलेल्या संघाला जिंकणाऱ्याने मागे टाकलं.

दुसरी घटना ५ एप्रिलची, साखळीच्या शेवटच्या दिवसाची. सकाळी माँट्रियल कॅनेडियन्सचे ९२ गुण आणि न्यूयॉर्क रेंजर्सचे ९०. गुण आणि विजय सारखे झाले तर हंगामात केलेले गोल मोजले जाणार होते, आणि त्यात माँट्रियल २४२, रेंजर्स २३७. रेंजर्सना जिंकायचं तर होतंच, वर गोलांचा पाऊसही पाडायचा होता. दुपारी त्यांनी डेट्रॉइटला ९-५ ने हरवलं. आघाडीवर असतानाही प्रशिक्षक एमिल फ्रान्सिस यांनी गोलरक्षक बाहेर काढला, कारण खाल्लेले गोल मोजायचेच नव्हते. आता रेंजर्स २४६.

रात्री माँट्रियल शिकागोत. जिंकले किंवा बरोबरी केली तर प्रश्नच नव्हता. हरले तर निदान पाच गोल हवे होते. तिसऱ्या सत्रात ते २-५ असे मागे पडले, साधारण नऊ मिनिटं उरली होती, आणि प्रशिक्षक क्लॉड रुएल यांनी जिंकण्याची आशा सोडून गोलरक्षक काढून घेतला. नुसते आणखी तीन गोल हवे होते, कितीही खाल्ले तरी चालणार होतं. शिकागोने रिकाम्या जाळ्यात पाच गोल मारले. सामना १०-२. दोन्ही संघ ३८-२२-१६, दोघांचे ९२ गुण, गोल २४६ विरुद्ध २४४, आणि माँट्रियलसारखा बलाढ्य संघ प्लेऑफबाहेर. गुणतक्त्याचा नियम खेळाडूंना काय काय करायला लावू शकतो, याचं याहून ठसठशीत उदाहरण हॉकीत मला माहीत नाही.

शूटआउटने कुणाचा हंगाम ठरला आहे का?

ठरला आहे. ११ एप्रिल २०१०, फिलाडेल्फिया. साखळीचा शेवटचा दिवस, फ्लायर्स विरुद्ध रेंजर्स, जो जिंकेल तो प्लेऑफमध्ये. साठ मिनिटांत १-१, ओव्हरटाइममध्ये काही नाही. शूटआउटमध्ये गोलरक्षक ब्रायन बूशेने ओली योकिनेनचा शेवटचा फटका अडवला आणि फ्लायर्स आत गेले. ८८ गुण विरुद्ध ८७. तेच फ्लायर्स पुढे स्टॅनली कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीपर्यंत पोचले. सात महिन्यांची मेहनत एकेकट्या फटक्यांवर तोलली गेली, आणि शूटआउटवरचा माझा राग तो हाच. हॉकीचं मर्म पासमध्ये आहे, शूटआउटमध्ये पास नाही.

प्लेऑफमध्ये काय होतं?

तिथे यातलं काहीच नाही. पाचास पाच, पूर्ण वीस मिनिटांची सत्रं, गोल होईपर्यंत. २४ मार्च १९३६ च्या रात्री माँट्रियल फोरममध्ये डेट्रॉइट रेड विंग्ज आणि माँट्रियल मरून्स यांचा सामना सहाव्या ओव्हरटाइमपर्यंत गेला. रात्रीचे दोन वाजून गेल्यावर मड ब्रुनेटोने सामन्यातला एकमेव गोल मारला, तोवर ११६ मिनिटं ३० सेकंद जादा खेळून झाली होती. ११ ऑगस्ट २०२० ला टोरंटोत टॅम्पा बे आणि कोलंबस पाचव्या ओव्हरटाइममध्ये गेले. कोलंबसच्या योनास कॉर्पिसालोने ८५ फटके अडवले आणि तरी तो हरला. त्याच बर्फावर नंतर होणारा सामना दुसऱ्या दिवसावर ढकलावा लागला.

बाकीच्या लीगमध्ये कशी पद्धत आहे?

आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धांत ३-२-१-० अशी पद्धत आहे : साठ मिनिटांत जिंकलात तर तीन, नंतर जिंकलात तर दोन, नंतर हरलात तर एक, साठ मिनिटांत हरलात तर शून्य. स्वीडनमध्येही हेच. उत्तर अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक लीग, पीडब्ल्यूएचएल, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली ती याच पद्धतीने. रशियातल्या केएचएलने उलटा प्रवास केला. तीन गुणांनी सुरुवात करून २०१८-१९ मध्ये ते एनएचएलसारखे दोनावर आले.

ऑलिंपिकमध्ये १९९४ (पुरुष) आणि २०१८ (महिला) ही सुवर्णपदकं शूटआउटने ठरली होती. त्यावर पुष्कळ टीका झाली आणि आता सुवर्णपदकाच्या सामन्यात शूटआउट नाही, गोल होईपर्यंत तीनास तीन खेळतात.

तीन गुणांच्या पद्धतीने काय सुधारेल?

प्रत्येक सामन्यात बरोबर तीनच गुण वाटले जातील, कमी नाही, जास्त नाही. वरच्या दहा सामन्यांच्या उदाहरणात पहिल्या संघाचे १५ होतील आणि दुसऱ्याचे ११. तिसऱ्या सत्रात थांबून दोघांचा फायदा होणार नाही. ओव्हरटाइमला सामना नेला की जिंकणाऱ्याचाही एक गुण कमी होईल, म्हणजे शेवटच्या पाच मिनिटांत चढाई करायला कारण मिळेल.

मग एनएचएल ती का घेत नाही?

कमिशनर गॅरी बेटमन यांची भूमिका जाहीर आहे : सध्याच्या पद्धतीत संघ एकमेकांच्या जवळ राहतात आणि शर्यत शेवटपर्यंत चालते. त्यात तथ्य आहे. मार्च उजाडला तरी बहुतेक शहरांत आशा जिवंत असते, आशा असली की तिकिटं खपतात. साठ मिनिटांत जिंकणाऱ्याला तीन गुण दिले तर बलवान संघ लवकर पुढे निघून जातील अशी धास्ती आहे. शिवाय गुणांचे जुने विक्रम आजच्या आकड्यांशी ताडून बघता येणार नाहीत, हाही मुद्दा निघतो. पण तो विक्रमांचा मुद्दा मला लंगडा वाटतो. १९९९ मध्ये जादा गुण सुरू केला तेव्हाच ती तुलना मोडली, आणि २०२६-२७ पासून सामनेही ८२ ऐवजी ८४ ठरले आहेत.

भारतातून बघताना गुणतक्ता कसा वाचू?

पूर्व किनाऱ्यावरचा संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे साडेपाचला सुरू होतो, तिकडची घड्याळं पुढे सरकली की साडेचारला. सकाळी उठून नुसता तक्ता बघणार असाल तर गुणांच्या शेजारी "आरडब्ल्यू" असा रकाना असतो, तो आधी वाचा. ते साठ मिनिटांतले विजय. दोन संघांचे गुण सारखे असतील आणि हा आकडा एकाचा पाच-सहाने जास्त असेल, तर प्लेऑफमध्ये मी त्याच्यावर भरवसा ठेवतो, कारण तिथे तीनास तीन नाही आणि शूटआउटही नाही. त्यानंतर किती सामने झालेत ते बघा. फेब्रुवारीत एखादा संघ तीन सामने कमी खेळलेला असतो आणि चार गुणांनी मागे दिसला तरी खऱ्या अर्थाने पुढे असतो. शेवटी वाइल्ड कार्डचा तक्ता उघडा. प्रत्येक डिव्हिजनमधून, म्हणजे कॉन्फरन्सच्या पोटगटातून, पहिले तीन थेट जातात आणि प्रत्येक कॉन्फरन्समधून आणखी दोन वाइल्ड कार्डवर, असे ३२ पैकी १६. एप्रिलमध्ये बहुतेक चुरस त्या शेवटच्या दोन जागांसाठी असते, आणि तिथे एकेक ओव्हरटाइम पराभव मोजला जातो.